चालतंय ना? मग हात लावू नका!

सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून "गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचा विचार आहे" असं मोठ्याने बोलू नये. घर विकतोय म्हणा, नोकरी सोडतोय म्हणा, लोक "अरे वा" म्हणून पुढे जातात आणि उरलेलं लिफ्टमध्ये बोलतात. गिअरबॉक्सच्या ऑइलबाबत एवढा संयम कोणी पाळत नाही. त्यातून गाडी जुनी आणि ऑटोमॅटिक असेल तर नाहीच नाही.

"शेवटचं कधी बदललं होतं?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं. काका निवृत्त आहेत. पार्किंगमध्ये कुणाचंही बॉनेट उघडलं की त्यांना वर घरात कळतं.

"बहुतेक कधीच नाही."

"कधीच नाही? म्हणजे गाडी घेतल्यापासून?"

"हो."

"मग आता मुळीच बदलू नका!"

थोडासा उशीर झाला असता तर हेच काका मला रागावले असते, "उद्याच्या उद्या बदला" म्हणाले असते. पण उशीर एका मर्यादेपलीकडे गेला की त्याची परंपरा होते, आणि परंपरेला हात लावायचा नसतो. काकांनी लगेच दाखला दिला. त्यांच्या साडूंच्या ओळखीत एक गाडी होती, एक नंबर चालत होती, कुणीतरी सांगितलं म्हणून ऑइल बदललं आणि चौथ्या दिवशी गिअरबॉक्स खलास. तेवढ्यात बी विंगमधले एक गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन आले. त्यांनी अगदी हीच हकिगत सांगितली, फक्त गाडी त्यांच्या मेहुण्याची होती आणि दिवस तिसरा होता. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकूंच्या माहितीतली गाडी तर गॅरेजच्या दारातच गेली होती. संपूर्ण भारतात अशी एकच गाडी मेली असावी आणि ती सगळ्यांच्या नातेवाइकांची असावी, असं मला तेव्हापासून वाटू लागलं आहे.

गाडी खरं तर माझी नव्हे, मामांची. मामांनी ती 2008 मध्ये घेतली, तेव्हा पुण्यात ऑटोमॅटिक गाडी घेण्याला दोनच कारणं असत: श्रीमंती किंवा गुडघेदुखी. मामांकडे गुडघेदुखी होती. पुढे 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून स्वस्तातला एएमटी गिअरबॉक्स आला आणि क्लच न दाबणं मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. पण तो गिअरबॉक्स मुळात साधाच, वरून एक यंत्र त्याचा क्लच दाबतं. मामांच्या गाडीतला टॉर्क कन्व्हर्टरवाला, जुन्या घराण्यातला.

मामांनी गाडीवर केलेलं प्रेम पाहून मामींनी एकदा नुसता उसासा टाकला होता. सीटचं प्लास्टिक अनेक वर्षं निघालं नाही. मॅट खराब होऊ नये म्हणून मॅटवर वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्र खराब होऊ नये म्हणून आम्ही पाय थोडे वर धरून बसायचो. दर रविवारी पॉलिश. दसऱ्याला झेंडूचा हार एवढा मोठा, की रस्ता हारातून बघावा लागे. इंजिन ऑइल वेळेवर बदललेलं, त्याच्या पावत्या तारखेनुसार फाइलला लावलेल्या. रिव्हर्सला आरतीची चाल वाजवणारा हॉर्नही त्यांनी हौसेने बसवून घेतला होता. फक्त गिअरबॉक्सच्या ऑइलची पावती त्या फाइलमध्ये नव्हती.

"त्याला काही लागत नाही रे," मामा म्हणाले. "ऑटोमॅटिक आहे ना! त्याचं ते बघतं."

अलीकडे मात्र त्याचं त्याला बघवत नव्हतं. लिव्हर डीवर आणला की गाडी लगेच निघत नसे. क्षणभर गप्प राहायची आणि मग एकदम पुढे उडी घ्यायची. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन ओरडायचं आणि वेग होता तिथेच राहायचा.

"तुझ्याच वळणावर गेलीय," बायको म्हणाली. "सांगितलं की आधी ऐकूच येत नाही, मग उगाच धावपळ."

म्हणून मी गाडीसोबत आलेलं पुस्तक काढलं. ते मामांनी जपून ठेवलं होतं, म्हणजे त्याची पिशवी फोडली नव्हती. पुस्तकात लिहिलं होतं की एरवी या ऑइलवर फक्त लक्ष ठेवा, पण गाडी खडतर परिस्थितीत चालत असेल तर ठरावीक अंतराने बदला. पुढे खडतर परिस्थितीची यादी होती: धुळीचे रस्ते, बत्तीस अंशांच्या वर तापमान असताना भर रहदारी, सारखं थांबणं आणि निघणं, थोड्याथोड्या अंतराच्या फेऱ्या, चढ-उतार. लेखक कधीतरी मे महिन्यात कोथरूडहून स्वारगेटला जाऊन आलेला असणार.

पुस्तक घेऊन मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे एसी होता, कॉफीचं मशीन होतं आणि गळ्यात ओळखपत्र घातलेला एक अतिशय नम्र मुलगा होता.

"ऑटोमॅटिकचं ऑइल लाइफटाइम असतं, सर."

"कुणाच्या लाइफटाइमपुरतं?"

"गिअरबॉक्सच्या, सर."

"आणि गिअरबॉक्सचं लाइफटाइम किती?"

त्याने टॅबलेटमध्ये पाहिलं. "ते ऑइल कसं आहे त्यावर असतं, सर."

मग त्याने मला गाडीखालचं कोटिंग, एसीचं निर्जंतुकीकरण आणि सीटची वाफेने सफाई असं बरंच काही आपुलकीने सुचवलं. म्हणजे जी गोष्ट पुस्तकात होती ती सोडून सगळं. गिअरबॉक्स गेलाच तर काय, असं विचारल्यावर म्हणाला, "पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल सर, ते गाडीच्या किमतीच्या वर जाईल. पण आपल्याकडे एक्स्चेंज ऑफर चालू आहे." एवढ्या प्रसन्न चेहऱ्याने मृत्यूची बातमी देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

तर या गिअरबॉक्समध्ये असतं काय? इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये पात्यांची दोन चक्रं समोरासमोर बसवलेली असतात, एकमेकांना न लागता. हाच तो टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन पहिलं चक्र फिरवतं, त्याच्या पात्यांवरून ऑइल उसळून दुसऱ्यावर आदळतं आणि दुसरं फिरायला लागतं. मध्ये ना साखळी, ना दांडा. गाडी चालू लागते ती निव्वळ ऑइलच्या जोरावर. ही अक्कल हेर्मान फॉटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरची. 1905 मध्ये त्याने ती जहाजांसाठी लढवली. पुढे ऑइलमधून ताकद पोचवण्याची हीच कल्पना घेऊन अमेरिकेत ओल्ड्समोबिलच्या 1940 च्या मॉडेलला हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्स आला, आणि दुसऱ्या महायुद्धात तो हलक्या रणगाड्यांमध्येही बसला. तोफांच्या गदारोळात सैनिकाला क्लचची कटकट नको होती. जहाज, रणगाडा आणि मामांचा गुडघा, असा या तंत्राचा प्रवास आहे.

हेच ऑइल आतल्या झडपांमधून दाब देऊन गिअर बदलतं, गिअरांना वंगण देतं आणि उष्णता बाहेर काढतं. एकटं ऑइल चार माणसांचं काम करतं आणि तक्रार करत नाही. तक्रार न करणाऱ्याकडे कुणी बघत नाही, हा आपल्याकडे घरापासून ऑफिसपर्यंतचा नियम आहे.

आता काकांचा सिद्धांत. तो असा, की गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा झिजून त्यांचा भुगा ऑइलमध्ये मिसळलेला असतो आणि जुनी गाडी त्या भुग्याच्याच आधारावर चालते. नवं स्वच्छ ऑइल घातलं की आधार गेला, प्लेटा घसरल्या, गाडी बसली. यात तथ्य अजिबातच नाही असं नाही. प्लेटा आधीच संपलेल्या असतील तर कुठलंही ऑइल त्या पुन्हा उगवून देणार नाही. तो गिअरबॉक्स जाणारच असतो, फक्त मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून नव्या ऑइलचं नाव लागतं. दुसरा धोका मशीन लावून दाबाने फ्लश करण्याचा. वर्षानुवर्षं तळाशी शांत बसलेला गाळ उठतो आणि आतल्या केसाएवढ्या वाटांमध्ये जाऊन अडकतो. म्हणून जुन्या गाडीत निघेल तेवढं ऑइल सावकाश काढायचं आणि तेवढंच घालायचं, घाई करायची नाही.

पण काकांना भुग्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांचं तत्त्व मोठं होतं आणि ते पाळणारे सगळीकडे आहेत. आमच्या सोसायटीचे खजिनदार बिल्डरने ताबा दिल्यापासून तेच आहेत, कारण बदलायला गेलं तर हिशेब बघावा लागेल. आमच्या ऑफिसात एक एक्सेल शीट आहे. ती बनवणारा माणूस कधीच सोडून गेला. तिच्यात एक लपवलेला कॉलम आहे, तो कशाचा हे कुणालाच ठाऊक नाही, आणि सगळ्यांचे पगार त्यावर निघतात. नव्याने आलेल्या एका मुलाने "हा कॉलम उघडून बघू का?" असं विचारलं तेव्हा साहेबांनी दार लावून त्याला पाणी दिलं. स्वतः काका रक्ततपासणी करत नाहीत. "तपासलं की काहीतरी निघतंच," असं ते म्हणतात, आणि त्यात चूक काढायला जागा नाही.

ऑइल आणायला नाना पेठेत गेलो. पुण्यातल्या गाड्यांचे सगळे अवयव नाना पेठेत मिळतात, फक्त गाडीचं नाव, साल आणि आपण नवखे नाही हे पटवता आलं पाहिजे.

"ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल."

"स्टिअरिंगचं?"

"नाही, गिअरबॉक्सचं."

"तेच ते. लाल ना?"

"लालच, पण पुस्तकात लिहिलंय ते एसपी-थ्री पाहिजे."

"हे डेक्सरॉन घ्या. हे पण लालच हाय."

आपल्याकडे ऑटोमॅटिक गाड्या कमी आणि पॉवर स्टिअरिंग जास्त, त्यामुळे हे लाल ऑइल बाजाराला स्टिअरिंगमुळेच ठाऊक. लाल तर लाल, असा दुकानदाराचा सरळ हिशेब होता. तो लाल रंग निव्वळ वरून घातलेला असतो, गळती झाली तर इंजिनची की गिअरबॉक्सची हे कळावं म्हणून. ऑइलचा स्वभाव रंगात नसून घर्षणात असतो. प्लेटांनी किती घट्ट आणि किती हळुवार धरायचं हे त्यात मिसळलेली रसायनं ठरवतात, आणि प्रत्येक कंपनीच्या गिअरबॉक्सची त्याबाबतची आवड वेगळी. सीव्हीटी नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकवाल्यांचं तर खानदानच निराळं. हे मी दुकानदाराला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मग आतल्या पोराला ओरडून सांगितलं, "अरे, त्या पुस्तक वाचून आलेल्या साहेबांना एसपी-थ्री दे."

गल्ल्यामागे त्याचे वडील बसले होते. ते म्हणाले, "पूर्वीसारखं ऑइल आता येत नाही." हे वाक्य म्हाताऱ्या दुकानदारांना बाराखडीनंतर शिकवतात. पण या एका मालाबाबत आजोबा नकळत खरं बोलून गेले. पूर्वी अमेरिकेत या ऑइलमध्ये चक्क स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल घालत. प्लेटा हळुवार धरण्याच्या कामी ते फार गुणी होतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आली आणि कंपन्यांची पर्याय शोधता शोधता तारांबळ उडाली. मी आजोबांना हे सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मुलाला म्हणाले, "बिल पक्कं दे रे यांना."

मग मिस्त्री शोधणं आलं. पहिला म्हणाला, "आटोमॅटिकला आपण हात नाय लावत साहेब. क्लचप्लेट असंल तर बोला, संध्याकाळी देतो." दुसऱ्याने गाडीखाली वाकून पाहिलं आणि काही न बोलता चहा मागवला. शेवटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेला एक जण म्हणाला, "करू की! त्यात काय हाय!" आधीच्या दोघांच्या नकारापेक्षा मला याच्या होकाराचीच भीती वाटली.

रविवारी सकाळी गाडी रॅम्पवर चढली. सोसायटीतून काका आले, बी विंग आली, आणि गल्लीतले दोन अनोळखी लोक, कुठेही खोदकाम चाललं की थांबतात तसे, थांबले. मिस्त्रीचा पोऱ्या पान्हा घेऊन खाली गेला. बोल्ट सुटला आणि खालच्या घमेल्यात काळंभोर ऑइल भसाभसा पडू लागलं.

"अरारारा!" बी विंग म्हणाली.

"काय म्हणालो होतो मी?" काका पुढे झाले. त्यांनी धारेत बोट घातलं, दोन बोटांत चोळलं, नाकाजवळ नेलं, डोळे मिटले. "गेला. गिअरबॉक्स संपला आहे. हे ऑइल नाही राहिलेलं, डांबर झालंय. आता नवं घाला नाहीतर गंगाजल घाला."

कुणीतरी घमेल्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली लगेच एक भावपूर्ण श्रद्धांजली आली आणि मागोमाग हात जोडलेल्यांची रांग लागली. त्यातले निम्मे लोक कोण गेलं हे न बघता हात जोडत होते. मामांनाही फोन गेला. मामा म्हणाले, "मी सांगत होतो, त्याला काही लागत नाही म्हणून."

एवढ्यात मिस्त्रीने वरून गिअरबॉक्सची डिपस्टिक काढून पाहिली. ऑइल जागच्या जागी होतं. त्याने पुसून पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"ए, कंचा बोल्ट काढला रे?"

"ह्यो."

"आरं, तो इंजिनचा हाय!"

थोडा वेळ फक्त धारेचा आवाज होता. इंजिन ऑइल नुकतंच, गेल्याच महिन्यात बदललेलं होतं. डिझेल गाडीत ते दोन दिवसांत काळं पडतं, म्हणून त्या रंगाचं कुणी मनाला लावून घेत नाही. काकांनी बोट रुमालाला पुसलं. "तरी मला वाटलंच," ते म्हणाले, "वास इंजिन ऑइलचाच येत होता."

मग चार लिटर इंजिन ऑइल आणायला पळापळ झाली. सुटलेल्या बोल्टचा वायसर दबून पातळ झाला होता, तो नवा हवा होता. वायसर दहा रुपयांचा आणि तो मिळणारं दुकान रविवारी बंद. अखेर गॅरेजमधल्या एका डब्यात तो सापडला. त्या डब्यात जगातले सगळे वायसर होते आणि हवा तो सर्वांत खाली.

दुपारी खरा बोल्ट सुटला. निघालेलं ऑइल गडद तपकिरी होतं आणि त्याला जळकट वास होता. लाल रंगाचा मागमूस नव्हता. पण सकाळी सगळ्यांनी काळं पाहून ठेवलं होतं, त्यामुळे तपकिरीने कुणाचं समाधान झालं नाही. "एवढंच?" बी विंग म्हणाली आणि जेवायला गेली. काका थांबले. त्यांनी आता बोट घातलं नाही.

मिस्त्रीने बोल्टच्या टोकाचं चुंबक बघितलं. त्यावर करड्या रंगाचा लगदा चिकटला होता. त्याने तो अंगठ्यावर घेऊन उन्हात धरला, चोळला आणि म्हणाला, "पीठ हाय, कीस नाय. वाचला." सर्व्हिस सेंटरपासून नाना पेठेपर्यंत कुणी मला इतकं नेमकं काही सांगितलं नव्हतं. धातूचं बारीक पीठ वयाचं असतं, ते सगळ्यांचंच निघतं. हाताला टोचणारे कण निघाले तर मात्र आत काहीतरी तुटलेलं असतं.

निघालेलं ऑइल पाण्याच्या बाटल्यांत भरून मोजलं. साडेतीन लिटर भरलं. पुस्तकात गिअरबॉक्सचं एकूण ऑइल जवळपास दुप्पट लिहिलं होतं.

"बाकीचं कुठे गेलं?" काकांनी संशयाने विचारलं.

"आतच ऱ्हातं. कन्व्हर्टरमधलं निघत नाय बोल्टातनं."

"म्हणजे पैसे पूर्ण आणि काम अर्धं!"

काम खरोखरच अर्धं असतं. या खेपेला निम्मं बदललं, काही महिन्यांनी पुन्हा बदललं की पाव जुनं उरतं, तिसऱ्यांदा बदललं की आठवा हिस्सा. असं कितीही वेळा केलं तरी जुनं अगदी शून्यावर येत नाही. मामांच्या काळातलं थोडं ऑइल गाडीत कायम राहणार, हे मी त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं.

भरणं हे काढण्याहून जिकिरीचं. नवं ऑइल ओतायला वेगळं झाकण नाही. डिपस्टिकच्याच नळीतून ओतायचं आणि नळी करंगळीएवढी. नरसाळ्याला पातळ पाइप जोडून पोऱ्या थेंबाथेंबाने ओतत होता. मध्येच त्याचा फोन वाजला, हात हलला, थोडं ऑइल गरम सायलेन्सरवर पडलं आणि पांढरा धूर निघाला. "आग!" असं ओरडून काकांनी प्रसंगावधान दाखवलं. शेजारच्या रसवंतीवाल्याने बादली आणून ओतली. आग नव्हतीच, त्यामुळे ती लगेच विझली. बादलीतलं पाणी उसाचं होतं की धुण्याचं, ते गाडीवर बसलेल्या मुंग्यांनी दुसऱ्या दिवशी स्पष्ट केलं.

यानंतर पातळी बघण्याचा विधी. इंजिन ऑइल गाडी बंद करून बघतात. हे बघायचं ते इंजिन चालू ठेवून, ऑइल गरम झाल्यावर, गाडी सपाट जमिनीवर उभी करून, आणि त्याआधी ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर एकेका गिअरमधून फिरवून परत पीवर आणायचा. यातली सपाट जमीन आमच्या भागात नाही. जो रस्ता सपाट होता तो नुकताच खोदला आहे. शेवटी रसवंतीसमोरचा तुकडा त्यातल्या त्यात बरा, असं ठरलं.

मी गाडीत बसून लिव्हर फिरवू लागलो. पी, आर, आणि आरवर येताच मामांच्या हौसेचा हॉर्न सुरू झाला. भर दुपारी रसवंतीसमोर आरतीची चाल. एन, डी, दोन, एल. परत येताना पुन्हा आर, पुन्हा आरती. मिस्त्रीला एकदा बघून खात्री पटत नव्हती, त्यामुळे हा फेरा सारखा चालू होता. रसाचे ग्लास हातात घेतलेल्या दोन बायकांनी सवयीने हात जोडले. एका मुलाने प्रसाद कुठे आहे, असं विचारलं.

डिपस्टिकवर ऑइल एका बाजूला पूर्ण आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसत होतं. बारीक नळीतून काठी बाहेर येताना कडेचं ऑइल तिला लागतं, त्यामुळे हे असं होतं आणि दोन्हींतली कमी असेल ती पातळी खरी मानायची असते. पण एवढ्यावर थांबेल तो पुणेकर कसला. काका म्हणाले, जास्त झालंय, फेस येईल. मिस्त्री म्हणाला, कमी हाय. रसवंतीवाला म्हणाला, बरोबर आहे, आता गाडी काढा, गिऱ्हाईक थांबलंय. तेवढ्यात, जेवायला का आलो नाही हे बघायला बायको आली.

"किती काढलंत?" तिने मिस्त्रीला विचारलं.

"साडेतीन लिटर, वहिनी."

"आणि किती घातलंत?"

"साडेतीन."

"मग इतका वेळ त्या काठीत काय वाचताय?"

गाडी निघाली. डीवर आणली तशी मुकाट्याने, उडी न घेता निघाली. दुसऱ्यातून तिसऱ्यात कधी गेली ते कळलं नाही, म्हणजे कळायला नको तसंच ते झालं. काका मागच्या सीटवर होते. त्यांचा चेहरा पडला होता. "आज छानच वाटेल," ते म्हणाले. "चौथा दिवस जाऊ द्या."

चौथा दिवस गेला. काकांनी मुदत पंधरवड्यापर्यंत नेली, मग पावसाळा जाऊ द्या म्हणाले. पावसाळ्यात उलट त्यांनाच एकदा हिंजवडीहून त्या गाडीने घरी आणलं. कात्रज नव्हे, पण चांदणी चौकाचा चढ तिने कुरकुर न करता काढला. काका खिडकीबाहेर बघत राहिले आणि उतरताना "पेट्रोल गाड्यांचं वेगळं असतं म्हणा" एवढंच बोलले. गाडी डिझेलची आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

खरी मौज पुढे झाली. चिंचवडला एका लग्नात पंगतीला शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते. बोलणं गाड्यांवर आलं. जिलबी घेता घेता ते म्हणाले, "जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल कधी बदलू नका हं. कोथरूडला एकाने हट्टाने बदललं. मामाची गाडी होती बिचाऱ्याची. काळंठिक्कर ऑइल निघालं, फोटो आहे माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी गाडी भंगारात." त्यांनी मोबाइल काढला. फोटोत आमच्या गॅरेजचं घमेलं होतं, कडेला काकांचं बोट.

"ती गाडी बाहेर पार्किंगला उभी आहे," मी म्हणालो. "मी तिच्यातूनच आलोय."

त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. "ती दुसरी असेल," ते म्हणाले, आणि वाढप्याला मठ्ठा मागितला.

तेव्हा ज्यांच्याकडे जुनी ऑटोमॅटिक आहे त्यांना विनंती. पुस्तकाची पिशवी फोडा आणि त्यात लिहिलंय तेच ऑइल आणा, नुसतं लाल बघून नको. फ्लशच्या मशीनला नाही म्हणा. निघालेलं ऑइल मोजा, तेवढंच घाला, आणि जुनं गटारात न ओतता ते विकत घेणाऱ्या भंगारवाल्याला द्या. आणि पोऱ्या पान्हा घेऊन गाडीखाली शिरला की बाकी सगळं सोडून खाली वाका आणि विचारा: "बाळा, हा बोल्ट कशाचा?"